ओझं भिंतीवर, काटकोन लोखंडात

(कोल्हापुरात शिकाऊ फॅब्रिकेटर आणि छोट्या शेडवाल्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी हे दोन तुकडे तुमच्यात फिरवतो. ५० मिलिमीटरच्या चौकोनी पाइपाचे आहेत. एकाच कापाच्या दोन बाजू आहेत या. जसे कापले तसे जुळवलेत तर तोंडाला तोंड चिकटून बसेल. आता बाकावर सपाट टेकवा, एक तुकडा आहे त्या जागी अर्धा फिरवून पालथा करा आणि पुन्हा जुळवा. वरच्या कडेला उजेड दिसेल. मी मोजलाय, १ मिलिमीटर आहे. पालथं केल्यावर चूक दुप्पट होऊन दिसते, म्हणजे खरी चूक अर्ध्या मिलिमीटरची. ५० मिलिमीटरला अर्धा, म्हणजे मीटरला १०. सहा फुटी फाटकाचा उभा पाय असल्या कापावर घट्ट बसवून वेल्ड केलात तर वरचं टोक १८ मिलिमीटर कलतं. गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहून मग आपण बिजागरीला दोष देतो.

हातातली बँडसॉ भिंतीवर बसवायचा स्टँड हा आजचा विषय, आणि हा काप माझ्या पहिल्या स्टँडवरचा आहे. सॉ चांगली होती, पातं नवं होतं. चूक मांडणीची होती.

हातात धरायची बँडसॉ तुम्ही पाहिलेली आहे. दोन चाकांवर फिरणारं अखंड पातं, मोठ्या मशीनला साधारण ११४० मिलिमीटर लांबीचं आणि अर्धा इंच रुंदीचं. वजन सहा-सात किलो. साइटवर पाइप जागेवर कापायला हिच्यासारखं दुसरं नाही. पण शेडमध्ये दिवसाला शंभर तुकडे हातानं कापायचे म्हटलं की दुपारनंतर मनगट वळतं आणि मनगटाबरोबर कापही वळतो. म्हणून ती कशावर तरी बसवावी लागते. शेड १० बाय २० ची, त्यात वेल्डिंगचं टेबल, ड्रिल, माल. जमिनीवर आणखी एक स्टँड ठेवायला जागा नसते. उरते ती भिंत.

कोणी विचारेल, १४ इंची चाकाची कटिंग मशीन आहे की, हा खटाटोप कशाला? त्या मशीनचं चाक एका कापाला जवळजवळ ३ मिलिमीटर लोखंड खातं, पातं १ मिलिमीटरच्या आत. शंभर कापांना एक फूट पाइप ठिणग्यांत जातो. आणि तो आवाज, ती काळी धूळ, शेजारच्या गाळ्यावर उडणाऱ्या ठिणग्या. मी बावीस वर्षं तो आवाज ऐकलाय. माझ्या पोरांनी तो ऐकू नये, एवढं एक कारण मला पुरेसं आहे.

आता मुद्द्यावर येतो. पहिल्या वेळी मी सॉ भिंतीला बिजागरीनं टांगली आणि व्हाइस, म्हणजे पाइप धरायचा शिकंजा, ठेवला टेबलावर. गुण्या लावून जुळवलं, आठ दिवस छान चाललं. मग कोणीतरी झाडताना टेबल सरकवलं. पुन्हा जुळवलं. मग लांब पाइप आपटला, पुन्हा सरकलं. तेव्हा डोक्यात आलं की काटकोन पात्याचा आणि व्हाइसचा आहे, भिंतीचा त्याच्याशी काही संबंध नाही. भिंत ओळंब्यात नसते, प्लॅस्टर सपाट नसतं, टेबल जागेवर राहत नाही. म्हणून सॉ जिच्यावर झुलते ती पिन आणि व्हाइस दोन्ही एकाच लोखंडी अंगावर हवेत. भिंतीनं फक्त ओझं घ्यायचं. ते सगळं अंग काढून उद्या दुसऱ्या भिंतीवर लावलं तरी काप तोच आला पाहिजे.

माझं आत्ताचं अंग असं आहे. मागे ८ मिलिमीटरची प्लेट, २५० रुंद, ४०० उंच. तिच्यावर वरच्या बाजूला १० मिलिमीटरचे दोन कान. कानांतून १६ मिलिमीटरच्या ब्राइट बारची (गुळगुळीत गोल सळईची) पिन, भिंतीला समांतर. पिनवर ४० बाय ४० चौकोनी पाइपाचा हात झुलतो, वरून बघितला तर 'अ' च्या काठीसारखा सरळ नाही, त्रिकोणी: पिनकडे रुंद, सॉकडे निमुळता. खाली त्याच प्लेटला ७५ चा चॅनेल आडवा बाहेर काढलाय, त्याखाली गसेट (आधाराची त्रिकोणी पट्टी), आणि चॅनेलवर व्हाइस. पाइप भिंतीला समांतर पडतो, म्हणून २० फुटी पाइप शेडच्या लांबीत मावतो, दारातून रस्त्यावर जात नाही.

पिनवर मी जरा थांबणार आहे, कारण बहुतेकांचं तिथंच चुकतं. दाराची बिजागरी वापरू नका. तिच्यात खेळ, म्हणजे ढिलाई असते आणि खेळ लांबीनं वाढतो. हिशोब करू. बुशात, म्हणजे पिन ज्या नळीत फिरते तिच्यात, ०.२ मिलिमीटर ढिलाई धरा, ती चांगल्या कामातही राहते. दोन बुश ३० मिलिमीटर अंतरावर असतील आणि पातं पिनपासून ४०० मिलिमीटरवर असेल, तर पात्याशी ती ढिलाई होते २.७ मिलिमीटर. जवळजवळ एक सूत! तेच बुश १५० मिलिमीटर अंतरावर ठेवले तर अर्धा मिलिमीटर. बुश तेच, पिन तीच, टर्नरची मजुरी तीच. फक्त अंतर वाढवलं. हात त्रिकोणी करायचं कारण हेच.

कान वेल्ड करताना पिन आत घालूनच टॅक, म्हणजे वेल्डिंगचे ठिपके, मारा. मी आधी कान वेल्ड केले, गार झाल्यावर ते आत ओढले गेले आणि पिन जाईना. हातोड्यानं घातली असती तर गेली असती, पण मग ती फिरली नसती. पिन आत ठेवून, आलटून पालटून वेल्डिंगचे छोटे छोटे मणी ओढायचे, मध्ये गार होऊ द्यायचं, शेवटी बुशातून रीमर (भोक साफ करायचं हत्यार) फिरवायचा. एवढं करूनही वेल्डिंग थोडं ओढतंच. म्हणून व्हाइस वेल्ड करू नका, बोल्टवर ठेवा, भोकं लांबट करा. आडवा काटकोन त्या भोकांत जुळतो. उभा काटकोन जुळवायला व्हाइसखाली शिम, म्हणजे पातळ पट्टी, घालायची. थंड पेयाच्या अॅल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर असतो, त्याच्या पट्ट्या कापून मी डबीत ठेवल्यात. एक पट्टी घाला, कापा, पालथा करून उजेडाकडे बघा. पुन्हा एक. पाचव्या-सहाव्या कापाला उजेड बंद होतो.

व्हाइसचं तोंड कुठे करायचं? पातं ज्या बाजूला पाइप ओढतं त्या बाजूला स्थिर जबडा. उलटं बसवलंत तर सगळा ओढा स्क्रूवर येतो आणि काप थरथरतो.

आता भिंत. सगळं मिळून वजन ३० किलोच्या आसपास. नुसत्या वजनाची काळजी नाही, काळजी आहे ती त्यावर रेलणाऱ्या माणसाची. भिंतीपासून अर्ध्या मीटरवर ६० किलोचा भार पडला आणि वरच्या-खालच्या बोल्टांत ३०० मिलिमीटर अंतर असेल, तर वरच्या दोन बोल्टांवर मिळून १०० किलोची ओढ येते. आरसीसी कॉलममधल्या १२ मिलिमीटरच्या अँकर फास्टनरला (भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टाला) ती जाणवणारही नाही. विटेत मात्र भोक विटेच्या मध्यावर घ्या, दोन विटांमधल्या सांध्यात नको. सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीत फुगणारा अँकर घालूच नका, ब्लॉक आतून चुरा होतो. आरपार बोल्ट आणि पलीकडून प्लेट. कोकणातले कोणी असतील तर जांभ्यालाही हेच सांगेन. आपल्या जुन्या दगडमातीच्या भिंतींनाही आरपारच. प्लेटमागे काही जण रबर घालतात, कंपन कमी व्हावं म्हणून. नको. रबर दबतं, बोल्ट ढिले पडतात. प्लेट बसवताना मागे सिमेंटचा माल भरा, म्हणजे ती पूर्ण टेकते.

सॉ हातावर कशी धरायची? तिच्या बॉडीला भोक पाडू नका. ती ओतीव असते, अॅल्युमिनियमची नाहीतर मॅग्नेशियमची. मी एक भोक पाडलं होतं. तीन महिन्यांत तिथून तडा गेला आणि मशीन गेली. पुढे पाइप टेकायचा जो लोखंडी ठेपा असतो, त्याचे बोल्ट कंपनीनंच दिलेले आहेत. ते थोडे लांब घेऊन तिथे धरा आणि दुसरा आधार पुढच्या मुठीखाली खोगिरासारखा. सॉचं वजनच दाब देतं, हातानं दाबायचं नाही. पातळ पाइपाला मात्र तेवढं वजनही जास्त होतं, म्हणून मी वर एक स्प्रिंग लावलीय. आणि काप संपल्यावर सॉ धाडकन खाली येऊ नये म्हणून खाली रबरी ठेपा.

आता जे सांगतो ते नीट ऐका. ट्रिगर पट्ट्यानं आवळून सॉ थेट बोर्डाला लावायची नाही. माझ्या शेडमध्ये संध्याकाळी लाइट गेली. पोरगा ब्रशनं बुरा झाडत होता. बटण चालूच होतं. लाइट आली आणि पातं फिरलं. ब्रश हातातून ओढला गेला, बोट राहिलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पायाचा स्विच आणला. पाय ठेवला तर चालू, उचलला तर बंद. लाइट आली-गेली तरी पायाशिवाय पातं फिरत नाही. चुकून पाय पडू नये म्हणून त्यावर पत्र्याचं झाकण. बॅटरीवरची सॉ असेल तर ट्रिगर हातातच ठेवा, बांधू नका. पातं बदलताना हातमोजे घाला, पातं फिरताना काढून ठेवा.

पात्याचं थोडक्यात. कमीत कमी तीन दात लोखंडावर टेकलेले हवेत, नाहीतर दात झडतात. ३ मिलिमीटरच्या अँगलला इंचाला २४ दातांचं, जाड मालाला १४ चं. या छोट्या मशीनमध्ये गाइड पात्याला पीळ देतात, म्हणून सांध्यावर ताण जास्त. बँडसॉची कल्पना दोनशे वर्षांपूर्वीची, पण सांधाच टिकत नव्हता म्हणून ती पडून राहिली. १८४६ साली फ्रान्समधल्या आन पोलँ क्रेपँ या बाईंनी पातं जोडायची पद्धत काढली, तेव्हा ही मशीन खरी चालायला लागली. जोडकाम करणाऱ्या प्रत्येकानं हे नाव लक्षात ठेवावं असं मला वाटतं. रात्री शेड बंद करताना ताणाचा दांडा सैल करा, पात्यालाही आराम आणि चाकांच्या रबरालाही.

लांब पाइपाला दोन्ही बाजूंना भिंतीतच रोलर दिलेत. त्यांची उंची टेपनं मोजू नका, फरशी उताराची असते. गवंड्याची पाण्याची नळी घ्या, आत बुडबुडा राहिला नाही ना ते बघा, आणि व्हाइसच्या पातळीशी जुळवा.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. ४५ अंशाच्या कापाला व्हाइस फिरवला की जबडा पात्यापासून लांब जातो, पाइपाचं टोक मोकळं राहतं आणि थरथरतं. सध्या पात्याच्या पलीकडे एक सी-क्लॅम्प लावतो, पण प्रत्येक कापाला तो काढा-लावा करण्यात वेळ जातो. मागे बसलेल्यांपैकी दोघेतिघे रोज फ्रेमचं काम करतात हे मला माहीत आहे. चहानंतर त्या स्टँडपाशी या, पाइप आणून ठेवलाय, बघू काय जमतंय.