प्रश्नाचा आवाका आणि नोंदीचे मोल

मित्रहो, भूगोल आणि पर्यावरणशास्त्रात पीएचडी करू इच्छिणारे विद्यार्थी अनेकदा ‘हवामानबदल आणि शेती’ किंवा ‘शहरीकरणाचे पर्यावरणावरील परिणाम’ असे विषय घेऊन मार्गदर्शकाकडे जातात. त्यांची कळकळ खरी असते. पण कोणता प्रदेश, किती वर्षांचा कालखंड, नेमके काय मोजायचे आणि ते कोणत्या प्रमाणावर, म्हणजे किती लहान वा मोठ्या क्षेत्राला एकक धरून, हे ठरेपर्यंत हाती असते ते केवळ एक अभ्यासक्षेत्र. संशोधनाचा प्रश्न त्यानंतर आकार घेतो.

यांपैकी प्रमाणाचा मुद्दा सर्वांत फसवा आहे. 1934 मध्ये गेल्के आणि बील या संशोधकांनी अमेरिकेतील क्लीव्हलंड शहराच्या जनगणनेतील छोटे विभाग एकत्र करत नेले, तेव्हा विभाग मोठे होतील तसा बालगुन्हेगारी आणि घरभाडे यांमधील सहसंबंध अधिक बळकट दिसू लागला. माहिती तीच होती, फक्त सीमारेषा बदलल्या होत्या. उपग्रह प्रतिमांचेही तसेच. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालेच्या प्रतिमेतील 30 मीटर बाजूच्या एका पिक्सेलमध्ये, म्हणजे प्रतिमेच्या सर्वांत लहान चौकोनात, 900 चौरस मीटर जमीन सामावते. तीत बांधावरची झाडे, पायवाट आणि अर्धे शेत एकत्र मिसळून एकच आकडा मिळतो. या प्रतिमा 2008 पासून सर्वांना विनामूल्य मिळू लागल्या, ही फार मोठी सोय झाली. परंतु त्या पिक्सेलच्या जागी स्वतः उभे राहून पाहिल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लावणे मला धोक्याचे वाटते.

दुसरी अडचण काळाची. प्रबंधाला तीन ते पाच वर्षे मिळतात आणि नदीचे पात्र, जंगल किंवा वातावरण आपल्या शिष्यवृत्तीच्या मुदतीनुसार बदलत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी मार्च 1958 मध्ये हवाईतील मौना लोआ येथे कार्बन डायऑक्साइड मोजण्यास सुरुवात केली, तेव्हा त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे 313 भाग होते. आज ते 420 च्या पुढे गेले आहे. 1964 मध्ये निधीअभावी ही मोजमापे काही महिने बंद पडली आणि त्या आलेखातील ती रिकामी जागा भरून काढणे आता कोणालाही शक्य नाही. म्हणूनच नवख्या संशोधकाने, शक्य असेल तेथे, आधीपासून चालत आलेल्या एखाद्या दीर्घ नोंदमालेला आपले काम जोडून घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. दोन पावसाळ्यांच्या स्वतःच्या मोजमापांना चाळीस वर्षांच्या पर्जन्यनोंदींची पार्श्वभूमी मिळाली, की त्यांतील वेगळेपण ओळखता येते.

आणि स्वतःची मोजमापे तितक्याच निगुतीने करावीत. पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनसाठी नमुना घेताना बाटली काठोकाठ भरावी लागते आणि झाकणाखाली एकही बुडबुडा राहिलेला चालत नाही, कारण त्या बुडबुड्यातील हवा नमुन्यात मिसळून उत्तर बदलते. तापमान आणि सामू (पाण्याची आम्लता दाखवणारा pH) तेथल्या तेथे मोजावे लागतात; प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ते बदललेले असतात. चिठ्ठीवर पेन्सिलने लिहावे, शाई ओलीने पसरते. ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, वेळ, आदल्या दिवशी पाऊस झाला होता का, उपकरणाचे अंशशोधन (ज्ञात मापाशी ताडून पाहणे) केव्हा केले, हे सारे तेथेच उभ्याउभ्या वहीत उतरवावे. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदीत अंदाज शिरतो आणि प्रबंध लिहिताना तो अंदाज वेगळा काढता येत नाही.

संशोधनाचा आराखडा पहिल्या क्षेत्रभेटीआधीच पक्का करण्याची घाई मात्र करू नये. नकाशावर सोयीची वाटलेली नमुन्याची जागा पावसाळ्यात पाण्याखाली जाते, किंवा तेथे पोहोचायला रस्ताच नसतो. तेवढा एक हंगाम चुकांसाठी राखून ठेवलेला बरा.

प्रबंध सादर करताना मूळ नोंदी, वगळलेल्या मोजमापांची कारणे आणि उपकरण बदलल्याच्या तारखा यांसह सारी माहिती विद्यापीठाच्या संग्रहात जमा करावी. वीस वर्षांनी दुसरा कोणी त्याच नदीकाठी बाटली घेऊन उभा राहील, तेव्हा तुमच्या निष्कर्षांच्याही आधी त्याला हे पाहावे लागेल, की तुम्ही नमुना घेतला तो पुलाच्या वरच्या अंगाला की खालच्या.