साडेचौसष्टची मस्टँग कशी ओळखावी

मंडळी, फोर्ड मस्टँग 17 एप्रिल 1964 रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आली. किंमत 2,368 डॉलरपासून. ऑगस्टमध्ये बदल झाले, त्याआधीच्या गाड्यांना बाजारात 'साडेचौसष्टच्या' म्हणतात आणि त्यांचा भावही चढा लागतो. पण फोर्डच्या कागदावर असं वर्षच नाही. या सगळ्या गाड्यांचा चॅसी नंबर 5 नेच, म्हणजे 1965 च्याच आकड्याने सुरू होतो.

त्यामुळे नंबर नीट वाचायचा. 5 नंतर कारखाना: 'एफ' म्हणजे डिअरबॉर्न, 'आर' म्हणजे सॅन होजे, 'टी' म्हणजे मेटचन. पुढे 07 हार्डटॉप (पक्कं छप्पर), 08 कन्व्हर्टिबल (उघडणारं छप्पर), 09 फास्टबॅक (मागे उतरतं छप्पर). फास्टबॅक शरद ऋतूत आली, तेव्हा 09 ची गाडी साडेचौसष्ट म्हणून कोणी दाखवली तर तिथेच नमस्कार करावा. पाचवं अक्षर इंजिनाचं. 'यू' म्हणजे 170 घनइंची सहा सिलिंडर, 'एफ' म्हणजे 260 व्ही-8 (आठ सिलिंडर), 'डी' म्हणजे 289, 210 अश्वशक्ती. नंतरच्या गाड्यांत यांच्या जागी 'टी', 'सी' आणि 'ए' येतात. 'के' म्हणजे 271 अश्वशक्तीचं 289; ते दोन्हीकडे सापडतं आणि नकलाही त्याच्याच जास्त होतात. दारावरच्या नंबराच्या पट्टीवर विसंबू नका, तशी नवी पट्टी विकत मिळते. डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर बघा.

बाकीच्या खुणा नंबरनंतर. साडेचौसष्टला बॅटरी चार्ज करायला डायनामो असतो, पुढे अल्टरनेटर आला. बॉनेटच्या पुढच्या कोपऱ्यांची कड तिरकी असते. पण बॉनेट आणि डायनामो दोन्ही बोल्टवरचे, एका दुपारी बदलता येतात. बेल हाउसिंगला, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाला, मात्र तसं फसवता येत नाही: सुरुवातीच्या 260 आणि 289 ना पाच बोल्ट, नंतरच्या इंजिनांना सहा. नंतरचं 289 आणून जुन्या बेल हाउसिंगवर बसवायला गेलात तर भोकं जुळत नाहीत, आणि गिऱ्हाईक इंजिन साखळीवर टांगून पार्ट शोधत बसतं.

आता खरी दुखरी जागा. पुढच्या काचेखाली, बॉनेटच्या मागे, हवेच्या जाळीचा पोकळ डबा आहे: स्पॉट वेल्डने, म्हणजे ठिपक्याठिपक्याने, जोडलेले दोन पत्रे. आत हवेच्या भोकांभोवती उभ्या कडा असतात. पाला अडकतो, ओल धरते आणि कडा मुळाशी सडतात. मग पावसाचं पाणी थेट पायाशी उतरतं. कार्पेटखालची जमीन वरून कुजते, आणि वर लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला असला तर पत्ताही लागत नाही.

तपासायचं कसं? कार्पेट काढा, जाळीवर पाच मिनिटं नळीने पाणी सोडा, एकाने आत डॅशखाली टॉर्च धरून बसावं. उजवीकडची ओल कधी हीटर कोअरची, म्हणजे हीटरच्या छोट्या रेडिएटरचीही असते. चिकट, गोडसर वासाची असली तर ती कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची. पाणी साधं असेल तर दोष वरच्या डब्याचाच. प्लॅस्टिकच्या कडा चिकटवून गळती थोपवता येते, पण गंज खाली चालूच राहतो. पक्कं काम म्हणजे बॉनेट आणि दोन्ही मडगार्ड उतरवायची, वरच्या पत्र्याचे स्पॉट वेल्ड एकेक ड्रिलने सोडवायचे, खालचा पत्रा बदलून सांध्यांना सीलर भरायचं आणि वरचा पत्रा वेल्ड करण्याआधी पुन्हा एकदा पाणी सोडून बघायचं.