सी दाबलं की म का उमटतो?

मंडळी, संक्रांत जवळ आली की सोलापुरातल्या प्रत्येक फ्लेक्सवाल्याकडे एकाच सोहळ्याचे फोटो येतात. सिद्धेश्वराची यात्रा, सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त. नंदीध्वज उभा आणि उंच, बॅनर मात्र आडवा. त्यामुळे सगळं कसब क्रॉपिंगमध्ये, म्हणजे फोटो हवा तेवढा कापून घेण्यात. ध्वजाचं टोक कापलं गेलं तर गिऱ्हाईक बॅनर परत घेऊन येतं, आणि त्याचं बरोबरच असतं.

अशाच एका रात्री आमच्या दुकानात फोटोशॉपमध्ये कीबोर्ड चालेना. सी दाबावं, क्रॉप टूल यावं, एवढी साधी गोष्ट, पण होईना. माऊसनं टूल घेतलं की चाले. मुलांनी कीबोर्ड बदलला, मशीन बंद करून चालू केलं. चालू केल्यावर तासभर बरं चाललं आणि पुन्हा तेच. म्हणजे कीबोर्ड बिघडलेला नव्हता.

मी नोटपॅड उघडलं आणि सी दाबलं. पडद्यावर म उमटला. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीत सीच्या जागी म असतो. कन्नडमध्येही तिथं म आणि तेलुगूमध्येही म. आपल्या गावात लग्नपत्रिका तिन्ही भाषांत छापल्या जातात, त्यामुळे आमच्या मशीनवर इंग्रजी धरून चार भाषा टाकलेल्या. मशीन मराठीवर गेलं होतं आणि फोटोशॉप सीची वाट बघत बसलं होतं.

पण भाषा बदलली कुणी? इथं नीट लक्ष द्या. फोटोशॉपमध्ये क्रॉपची चौकट मधोमध ठेवून प्रमाणात लहान-मोठी करायची तर आपण आल्ट आणि शिफ्ट धरून कोपरा ओढतो. विंडोजमध्ये डावी आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून सोडली की भाषा पुढं सरकते. आपण इमानानं क्रॉप करत होतो आणि प्रत्येक वेळी मशीनची भाषा बदलत होतो! चार भाषांच्या मशीनवर चारातली एकच वेळ सोयीची.

यावर उपाय कायमचा आहे. विंडोजच्या सेटिंगमध्ये टायपिंगच्या भागात कीबोर्डची प्रगत सेटिंग उघडा, इनपुट भाषेच्या हॉट कीजमध्ये जा आणि आल्ट-शिफ्टची जोडी काढून टाका. भाषा बदलायला विंडोज कळ आणि स्पेसबार आहेच. ती जोडी चुकून दाबली जात नाही.

माझं ठाम मत आहे, कळ चालेना की पहिला प्रश्न एकच विचारायचा: दाबलेली कळ जाते कुठं? पुष्कळदा ती फोटोशॉपच्या वरच्या पट्टीतल्या प्रमाणाच्या रकान्यात जात असते. तुम्ही तीन बाय दोन असं प्रमाण टाकता आणि कर्सर तिथंच राहतो. मग बाणाची कळ दाबली की फोटो सरकायच्या ऐवजी आकडा बदलतो. पहिला एंटर रकान्याला लागतो, क्रॉपला दुसरा लागतो. अक्षरांचं टूल चालू राहिलं असेल तर सी दाबल्यावर थेट अक्षरच टाइप होतं. आधी एस्केप दाबून बाहेर या. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली गेली तर विंडोज स्टिकी कीजबद्दल विचारतं. घाईत होकार दिला, की शिफ्टसारख्या कळा सोडल्यावरही धरल्यासारख्या वागू शकतात.

रकाना मोकळा असेल तर बाणानं फोटो एकेक पिक्सेल सरकतो, शिफ्ट धरली तर दहा. नंदीध्वजाचं टोक नेमकं चौकटीत बसवायला यासारखं दुसरं काही नाही. उभी चौकट आडवी करायची तर एक्स दाबा. आणि कापलेले पिक्सेल कायमचे काढण्याच्या पर्यायासमोरची टिक तेवढी बंद करून ठेवा. मालक दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतो, जरा वर जागा सोड. तेव्हा कापलेलं आभाळ परत मिळतं.

फोटोशॉपऐवजी कोरल ड्रॉमध्ये डिझाइन करणाऱ्यांनी मात्र एक जपायला हवं. तिथं काहीच निवडलेलं नसताना क्रॉपची चौकट ओढून एंटर दाबला, तर फोटोच नव्हे, चौकटीबाहेरचं नाव, पत्ता, मजकूर सगळं कापलं जातं. त्यामुळे आधी फोटो निवडायचा, मगच चौकट ओढायची.

आता पुढच्या रांगेतल्या कुणीतरी या मशीनवर या. मी मुद्दाम भाषा तेलुगू करून ठेवली आहे. सी दाबा, काय होतंय ते सगळ्यांना दिसू द्या.