रात्री पावणेतीनची नोंद

(मंद उजेडातला शस्त्रक्रिया विभागाचा वॉर्ड. परिचारिका खाट क्रमांक ६ जवळ येते.)

रात्रीचे पावणेतीन वाजले आहेत. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरची या रुग्णाची ही दुसरी रात्र. परिचारिका त्याच्या मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजते आणि मोजून झाल्यावरही हात काढत नाही, कारण आता तिची नजर त्याच्या छातीकडे गेलेली आहे. आपला श्वास कुणी मोजत आहे हे कळले की माणसाचा श्वास नकळत बदलतो. म्हणून ती काही न बोलता पूर्ण एक मिनिट मोजते. २४.

संध्याकाळी हाच आकडा १६ होता. नाडी ८४ वरून १०४ वर आली आहे, ऑक्सिजनची पातळी ९५ टक्के आहे, रक्तदाब ११६/७४ आणि ताप ३७.८ अंश सेल्सियस. सुटा सुटा पाहिला तर यातला एकही आकडा धावपळ करायला लावणारा नाही, आणि फसगत होते ती इथेच. शरीर संकटात सापडले की हृदय वेग वाढवते, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब सावरून धरला जातो. तरुण रुग्णांत तर तो बराच वेळ चांगला दिसतो आणि घसरतो तेव्हा हाती फारसा वेळ उरलेला नसतो. हृदयाचा वेग मंद ठेवणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्याची नाडीही वाढेलच असे नाही. श्वसनाची गती मात्र बहुधा आधी बदलते, आणि दुर्दैवाने तक्त्यात अंदाजाने भरला जाणारा रकानाही बरेचदा तोच असतो.

ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये अशा नोंदींना गुण देण्याची पद्धत आणली; गुण जितके जास्त, तितका धोका जास्त. त्या हिशेबाने या रुग्णाचे गुण ४ होतात, म्हणजे किमान चार ते सहा तासांनी पुन्हा तपासणी. इथे थांबणे नियमाला धरूनच झाले असते.

(रुग्णाचा चेहरा. ओठ हलतात.)

“गाडी अजून आली नाही का?” असे तो विचारतो. संध्याकाळी याच माणसाने आपल्या टाक्यांविषयी नीट चौकशी केली होती. २०१७ च्या सुधारित पद्धतीत नव्याने उद्भवलेल्या गोंधळलेपणाला ३ गुण आहेत. बेरीज ७ झाली, आणि ७ म्हणजे तातडीचा प्रतिसाद. हे तीन गुण कोणत्याही मॉनिटरवर दिसत नाहीत. ते संध्याकाळी त्याच्याशी बोललेल्या, किंवा ड्युटी बदलताना ते बोलणे नीट ऐकून घेतलेल्या माणसालाच दिसतात. “आज हे नेहमीसारखे वाटत नाहीत,” असे नातेवाईक सांगतात, तेव्हा तीही नोंदच समजली पाहिजे.

(परिचारिका फोनवर.)

“डॉक्टर, खाट क्रमांक ६ चे रुग्ण, शस्त्रक्रियेनंतरची दुसरी रात्र. श्वसन १६ वरून २४, नाडी १०४, आणि ते आता असंबद्ध बोलत आहेत. मला जंतुसंसर्गाची गंभीर शंका येते. आपण लगेच येऊन पाहावे.”

परिस्थिती, पार्श्वभूमी, आपले अनुमान आणि स्पष्ट मागणी, या क्रमाने बोलण्याची रीत मुळात अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून रुग्णालयांत आली. “पेशंट जरा अस्वस्थ आहे” एवढ्या वाक्यावर झोपेतून उठलेला डॉक्टर सकाळपर्यंत थांबू शकतो. वरच्या वाक्यांवर थांबणे कठीण आहे. मात्र पलीकडून चिडून उत्तर मिळाले तर पुढच्या रुग्णाच्या वेळी हाच फोन अर्ध्या तासाने उशिरा होतो, आणि त्या अर्ध्या तासाचा दोष एकट्या परिचारिकेवर टाकणे अन्यायाचे आहे.

डॉक्टर निघाले आहेत. परिचारिका खाटेची डोक्याकडची बाजू वर करते, सलाईनची सुई जागेवर आहे ना ते पाहते आणि पुन्हा मनगटावर हात ठेवून मिनिटभर मोजते. २६. वेळ २ वाजून ५६ मिनिटे, असे ती तक्त्यात लिहिते आणि खाटेपाशीच उभी राहते.