ओल्या चेंडूवरचा समुद्र

पुढच्या रांगेतल्यांनी जरा मागे सरका, पाणी उडेल. हा टेनिसचा चेंडू. दोरीला बांधून बादलीत बुडवलाय, चांगला निथळतोय. दोरीला भरपूर पीळ दिला आणि आता सोडतो... काका, चष्मा पुसा. सांगितलं होतं तुम्हाला!

हाच प्रयोग हल्ली कुणी ना कुणी मला मोबाइलवर पाठवत असतं. खाली प्रश्न असतो: फिरत्या चेंडूवरचं पाणी असं उडतं, मग फिरत्या पृथ्वीवरचा समुद्र का उडत नाही? आपण हसून पुढे जातो. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे 1670 किलोमीटर वेगाने पळते आहे. पुण्या-मुंबईकडे तो वेग थोडा कमी, तरी 1580च्या आसपास आहेच. शाळेत यावर ‘गुरुत्वाकर्षण’ एवढं एका शब्दात सांगून आपल्याला खाली बसवायचे. उत्तर बरोबर होतं. फक्त किती गुरुत्वाकर्षण, ते काही कुणी सांगितलं नाही. आज मला तेवढंच सांगायचंय.

आधी चेंडू. गोफणीतला दगड हात फिरवत असतो तोवर गोल फिरतो, टोक सोडलं की सरळ जातो. चेंडूवरच्या थेंबाचंही तेच. चेंडू सेकंदाला पाच गिरक्या घेत असेल, तर थेंबाला सोबत वळवत ठेवायला पृथ्वीच्या ओढीच्या तिपटीहून जास्त जोर लागतो. चेंडूवरच्या लवेला कुठला एवढा जोर! थेंब निसटतो, सरळ निघून जातो, नेमका काकांच्या चष्म्यावर.

आता पृथ्वी. ती दिवसात एकच फेरी घेते. भिंतीवरच्या घड्याळाचा तासकाटा दोन घेतो. म्हणजे तासकाट्याच्या निम्म्या गतीनेच आपण फिरतोय. वेगाचा आकडा एवढा फुगतो तो पृथ्वी मोठी आहे म्हणून, गरगरण्यामुळे नाही.

विषुववृत्तावर एक माणूस उभा करा आणि पृथ्वीची ओढ एका सेकंदापुरती बंद करा. कल्पनेतच हो. माणूस सरळ रेषेत जाईल, साधारण 465 मीटर. तेवढ्या वेळात गोल जमीन त्याच्या सरळ वाटेपासून किती खाली वळेल? 1.7 सेंटिमीटर. बोटाच्या पेरापेक्षाही कमी. आता ओढ पुन्हा चालू करा. हातातून सुटलेली वस्तू पहिल्या सेकंदात किती पडते? सुमारे 4.9 मीटर, म्हणजे 490 सेंटिमीटर. जमिनीला धरून राहायला हवेत 1.7, आणि हाताशी आहेत 490! 289 रुपयांतला एक रुपया फिरण्याच्या खर्चाला जातो, उरलेले 288 आपल्याला खुर्चीत दाबून बसवायला शिल्लक. समुद्र उडत नाही तो यामुळे.

तो एक रुपया मात्र खरोखर जातो बरं का. 60 किलोचा माणूस विषुववृत्तावर स्प्रिंगच्या काट्यावर उभा राहिला, तर निव्वळ फिरण्यापायी सुमारे 200 ग्रॅम कमी दाखवेल. तराजूत हे कळणार नाही, कारण पारड्यातली वजनंही तेवढीच हलकी होतात. त्यामुळे सोनाराला फसवायचा बेत असेल, तर सोडून द्या.

पृथ्वी सतरापट जोरात फिरू लागली, दिवस साधारण 84 मिनिटांचा झाला, तर विषुववृत्तावर अख्खे 289 रुपये खर्ची पडतील, कारण वेग सतरापट झाला की खर्च सतरा गुणिले सतरा, म्हणजे 289 पट होतो. हातातली वाटी सोडली तर पडणार नाही.

आर्यभटाने 499 साली, पृथ्वी फिरते म्हणून तारे उलटे जाताना दिसतात, असं सांगितलं. नावेत बसलेल्याला काठ मागे जाताना दिसतो, हा त्याचाच दाखला. वराहमिहिराने त्यावर शंका काढली: मग आकाशात उडालेले ससाणे आपल्या घरट्यात परत कसे येतात? मला ही शंका फार आवडते. पक्षी आणि हवा दोन्ही जमिनीबरोबरच चालली आहेत, हे त्याचं उत्तर. धावत्या एसटीत वर उडवलेलं नाणं तुमच्याच हातात पडतं, तसं. भास्कराचार्यांनी 1150च्या सिद्धान्तशिरोमणीत पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचा उल्लेख केला, त्याचा आपण अभिमान बाळगतो. पण त्यांच्या हिशोबी पृथ्वी स्थिर होती, म्हणून आजचा प्रश्न त्यांच्यापुढे त्या रूपात आला नाही.

तो एक रुपया प्रत्यक्ष सापडला एका घड्याळात. 1672 साली झां रिशे हा फ्रेंच खगोलवेत्ता दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला. हे ठिकाण विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंशांवर. पॅरिसमध्ये चोख चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. बिचाऱ्याने लंबक तीनेक मिलिमीटर आखूड करून ते जुळवलं. ओढ कमी पडली की लंबक सावकाश झुलतो. न्यूटनने 1687च्या प्रिन्सिपियात याचा उलगडा केला. पृथ्वी फिरते, म्हणून तिकडे ओढ कमी भासते. शिवाय फिरून फिरून तिचं पोट सुटलंय, त्यामुळे विषुववृत्तावरची जमीन केंद्रापासून ध्रुवापेक्षा 21 किलोमीटर लांब आहे. या कमतरतेत साधारण दोन वाटे थेट फिरण्याचे, एक वाटा पोटाचा.

याच कायेनजवळ आज कौरूचा अवकाशतळ आहे. आपल्या ॲपल उपग्रहाचा बैलगाडीवरचा फोटो तुम्ही पाहिला असेल. 1981 साली तो एरियान रॉकेटवर बसून निघाला, तो तिथूनच. रिशेच्या घड्याळाला मागे पाडणारं फिरणं या रॉकेटच्या मात्र कामी आलं. जमिनीवर उभं असतानाच त्याच्या खात्यात पूर्वेकडचे सेकंदाला 460 मीटर जमा होते.