बॉनेटवरची काठी

(ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रिक्षा, टॅक्सी आणि शाळेच्या बसचालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, संयोजकांनी मला आधीच बजावलंय, ‘मास्तर, लवकर उरका, लोकांना धंद्यावर जायचंय.’ मी जन्मभर तासिकांवर जगलेला माणूस आहे. घंटा झाली की थांबायची सवय आहे, काळजी करू नका.

मी काही कायद्याचा पंडित नाही. शाळेत शिकवत होतो आणि सव्वीस वर्षं १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला झेंड्याची दोरी माझ्या ताब्यात होती. म्हणजे झेंडा फडकवायचे पाहुणे, टाळ्याही त्यांनाच. आदल्या संध्याकाळी झेंड्याची घडी घालायची, आत फुलांच्या पाकळ्या ठेवायच्या आणि एका झटक्यात सुटेल पण त्याआधी सुटणार नाही अशी गाठ मारायची, हे माझं काम. ती गाठ एकदा सुटली नव्हती. पाहुणे दोरी ओढतायत, बँडवाला माझ्याकडे बघतोय आणि मी जमिनीकडे. तेव्हापासून झेंड्याच्या बाबतीत मी जरा जास्तच काटेकोर झालो, हे आधीच कबूल करतो.

आत येण्यापूर्वी मी बाहेर तुमच्या गाड्यांमधून एक चक्कर मारली. उत्साह दांडगा आहे. कुणी हँडलला काठी बांधलीय, कुणी टपावर, कुणी आरशाला लटकवलाय. एका गाडीच्या बॉनेटवर तर मधोमध स्टीलची काठी आणि तिच्यावर झेंडा, अगदी मंत्र्याच्या गाडीसारखा. आजचं बोलणं मी त्या काठीपासूनच सुरू करतो.

ती काठी तुम्हाला आणि मला लावता येत नाही.

बघा, कुजबुज सुरू झाली. ‘सुप्रीम कोर्टानं तर हक्क दिलाय,’ असं म्हणताय ना? दिलाय. २३ जानेवारी २००४चा, उद्योगपती नवीन जिंदाल यांच्या खटल्यातला तो निकाल. झेंडा सन्मानानं फडकवणं हा नागरिकाचा अभिव्यक्तीचा हक्क आहे असं कोर्टानं म्हटलं, पण त्याच दमात हेही सांगितलं की हा हक्क वाजवी बंधनांच्या आत आहे. त्या बंधनांपैकी एक आपल्या गाडीशी येऊन भिडतं. २६ जानेवारी २००२ पासून लागू असलेली भारतीय ध्वज संहिता आपल्याला घरावर, दुकानावर, शाळेवर, कारखान्यावर वर्षातल्या कुठल्याही दिवशी झेंडा लावू देते. त्याआधी सामान्य माणसाला ठरावीक राष्ट्रीय दिवस सोडले तर ती मुभाच नव्हती. जुलै २०२२च्या दुरुस्तीनंतर आपल्या घरावर तो रात्रीही राहू शकतो. वाहनाचा विषय आला की मात्र संहिता थांबते आणि एक यादी पुढे करते.

यादीत राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल आणि नायब राज्यपाल आहेत. परदेशातले आपले राजदूत, ते ज्या देशात नेमलेत तिथे. पंतप्रधान, मुख्यमंत्री, केंद्राचे आणि राज्यांचे मंत्री, अगदी राज्यमंत्री आणि उपमंत्रीसुद्धा. लोकसभेचे अध्यक्ष, राज्यसभेचे उपसभापती, विधानसभांचे अध्यक्ष, विधान परिषदांचे सभापती आणि यांचे उप. शेवटी सरन्यायाधीश, सुप्रीम कोर्टाचे आणि हायकोर्टांचे न्यायाधीश. संपली यादी. आता यात कोण नाही ते ऐका. खासदार नाहीत. आमदार नाहीत. महापौर, जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, सरपंच, कुणी नाही. तेव्हा एखाद्या आमदाराच्या गाडीवर झेंडा फडफडताना दिसला आणि ते मंत्री नसतील, तर ‘त्यांना चालतं मग आम्हाला का नाही’ असं विचारू नका. त्यांनाही चालत नाही.

हे असं का, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. देशावर प्रेम माझंही तेवढंच, मग काठी त्यांचीच का? हळूहळू लक्षात आलं की गाडीवरच्या झेंड्याचा प्रेमाशी संबंधच नाही. घरावरचा झेंडा सांगतो की इथे राहणारा या देशाचा आहे. गाडीवरचा झेंडा सांगतो की आत बसलेला माणूस या क्षणी देशाच्या वतीनं बसलाय. तो एका पदाचा पत्ता आहे. म्हणून साहेब गाडीत नसले की जाणता चालक त्या छोट्या झेंड्यावर खोळ चढवतो. गाडी तीच, चालकही तोच, पण पत्ता आत नाही. परदेशी राजदूतांच्या गाड्यांवर त्यांचे झेंडे असतात, तेही याच कारणानं. १९६१च्या व्हिएन्ना करारानं दूतावासाच्या प्रमुखाला वाहनावर आपला झेंडा लावायचा हक्क दिला आहे. आणि आपलं सरकार परदेशी पाहुण्याला गाडी देतं तेव्हा आपला झेंडा उजवीकडे आणि पाहुण्याचा डावीकडे असतो.

सगळीकडे असंच आहे असं नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेत कुणीही आपल्या गाडीवर झेंडा लावू शकतो. त्यांची झेंड्याची संहिता फक्त कसा लावावा ते सांगते, की काठी गाडीच्या सांगाड्याला पक्की हवी नाहीतर पुढच्या उजव्या मडगार्डला घट्ट आवळलेली हवी. त्यांचा नियम ‘कसा’पाशी सुरू होतो, आपला ‘कोण’पाशी. दोन्हींत तर्क आहे. पण आपल्याकडे लाल दिव्याचं काय झालं ते आठवा. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरूनसुद्धा तो उतरवावा लागला, कारण ज्याला त्याला तो हवा होता. बॉनेटवरची काठी सर्रास झाली तर तिचंही तेच होईल, असं माझं मत आहे.

त्या अधिकृत झेंड्याचं मापसुद्धा ठरलेलं आहे, २२५ बाय १५० मिलिमीटर. वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा. काठी बॉनेटच्या मधोमध पुढे किंवा गाडीच्या पुढच्या उजव्या बाजूला, आणि पक्की बसवलेली. एवढुसाच का? कारण वाऱ्यात मोठं कापड आधी कडेनं उसवतं आणि मग चिरत जातं. तुमच्यापैकी ज्यांनी हायवेवर टपाला मोठा झेंडा बांधून शंभर किलोमीटर गाडी हाकली असेल, त्यांनी उतरल्यावर त्याची मोकळी कड बघितली असेल. दोऱ्यांची झालर झालेली असते.

आता काठीवरून कापडाकडे येतो. हे जास्त महत्त्वाचं, कारण इथे प्रकरण संहितेवरून कायद्यावर जातं. संहिता म्हणजे सरकारी सूचनांचा संच. पण १९७१चा राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध कायदा हा कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. गाडीच्या, रेल्वेच्या, बोटीच्या किंवा विमानाच्या बॉनेटवर, टपावर, बाजूंवर किंवा मागे झेंडा पांघरणं हे त्या कायद्यात अवमान म्हणून स्पष्ट लिहिलं आहे.

आणि इथे मी स्वतः गुन्हेगार आहे. २ एप्रिल २०११ची रात्र. वानखेडेवर आपण विश्वचषक जिंकला आणि सगळा गाव रस्त्यावर आला. माझ्या पुतण्यानं गाडी काढली, बॉनेटभर झेंडा अंथरला आणि म्हणाला, ‘काका, ते टोक धरा.’ मी धरलं! झेंड्याच्या दोरीचा सव्वीस वर्षांचा मानकरी, मी ते टोक वायपरखाली खोचलं. पुढच्या चौकात कुणीतरी गुलाल आणि पाणी दोन्ही उडवलं, पुतण्यानं सवयीनं वायपर चालू केला आणि कापड चक्रापासून काठापर्यंत टर्रकन फाटलं. गर्दीत कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी खाली उतरून ते ओलं कापड गोळा केलं, शर्टाच्या आत घातलं आणि घरी गेलो. हेतू वाईट नव्हता, आनंदच होता. पण त्या कापडाला हेतू काय कळणार? म्हणून कुणी बॉनेटवर झेंडा अंथरताना दिसला तर मी ओरडत नाही. शेजारी जाऊन म्हणतो, दादा, हातात धरा की, जास्त छान दिसेल.

झेंडा पांघरायचा प्रसंग देशात एकच, शासकीय, सैनिकी किंवा निमलष्करी इतमामाचा अंत्यविधी. तिथेही तो पार्थिवावर असतो, केशरी पट्टा डोक्याकडे. चितेवर तो जात नाही, त्याआधी उतरवतात. ज्यांच्या गावी असं पार्थिव आलं असेल त्यांना मी काही सांगायला नको.

स्टिकरवाल्यांनो, तुम्ही सुटला नाहीत. कायद्यात ‘झेंडा’ म्हणजे फक्त कापड नाही. चित्र, फोटो, कशावरही काढलेली किंवा छापलेली दिसेल अशी प्रतिकृती, सगळं त्यात येतं. आणि झेंड्यावर अक्षर लिहायला बंदी आहे. तिरंग्याच्या पांढऱ्या पट्ट्यात ट्रॅव्हल्सचं नाव, मोबाइल नंबर, आईचा आशीर्वाद, यातलं काहीच चालत नाही. आईचा आशीर्वाद वेगळ्या स्टिकरवर घ्या, तिची ना नाही. मागची काच भरून चिकटवणार असाल तर आणखी एक अडचण आहे. मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. तिथे देशभक्तीची सवलत नाही.

स्टिकरच्या बाबतीत आपण एका गोष्टीत नशीबवान आहोत. अमेरिकेच्या झेंड्यात तारे एका कोपऱ्यात आहेत, त्यामुळे गाडीच्या उजव्या अंगाला तो उलटा लावायचा की सुलटा यावर तिथे वाद होतात. आपलं चक्र मधोमध. डावीकडून बघा नाहीतर उजवीकडून, तिरंगा तोच. आपल्याला फक्त वर-खाली सांभाळायचं आहे, केशरी वर. आणि उभा लावला तर केशरी बघणाऱ्याच्या डाव्या हाताला यायला हवा. आरशाला लटकवलेले झेंडे इथेच चुकतात, कारण दोऱ्याला टांगलेली वस्तू पहिल्याच वळणावर स्वतःभोवती फिरते. शिवाय ती तुमच्या नजरेच्या आड येते, हे तुम्हाला मी काय सांगू.

मग डॅशबोर्डवरचा छोटा स्टँड? संहिता गाडीवर फडकवण्याबद्दल बोलते, डॅशबोर्डचं नाव ती घेत नाही. मी स्वतः ठेवतो. पण त्याची एक गंमत सांगतो. रबरी वाटीनं काचेला चिकटणारे जे स्टँड मिळतात, त्यांची पकड उन्हात सुटते. गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली की संध्याकाळी झेंडा पायाखालच्या मॅटवर, चालकाच्या चपलेशेजारी. जमिनीला लागू द्यायचा नाही असं सांगणारा नियम आणि ही वाटी यांचं काही जमत नाही. जड बुडाचा स्टँड घ्या. कापडाचा झेंडा घ्या, प्लास्टिकचा नको. डिसेंबर २०२१पासून पॉलिस्टर आणि यंत्रावर विणलेलं कापडही चालतं, त्यामुळे खादीच पाहिजे असा हट्ट उरलेला नाही. मला खादी आवडते ती वेगळी गोष्ट. उन्हानं केशरी रंग पिवळट झाला की तो झेंडा बदला. विटलेला आणि फाटका झेंडा लावणं हेही नियमात बसत नाही.

दुचाकीवाल्यांसाठी एकच. मागच्यानं मोठा झेंडा धरून बसायची हौस मला कळते, पण सिग्नलला गाडी थांबली की कापड खाली येतं आणि सायलेन्सरला टेकतं. त्याचा कोपरा आक्रसून काळा झालेला मी पाहिलाय. ती मुलं बिचारी पुढे घोषणा देत होती. हातात कागदी झेंडा घ्या, राष्ट्रीय सणाला तो हलवायला संहितेची परवानगीच आहे.

माझी खरी तक्रार १५ तारखेबद्दल नाहीच, ती १६ तारखेबद्दल आहे. लावायला सगळे असतात. उतरवायला कुणी नसतं. मागच्या वर्षी एका गाडीत बसलो, तर चालकानं काच पुसायला डिकीतून कापड काढलं आणि त्याला हिरवी कड होती. मी विचारलं, तर तो खरंच दचकला. त्याला आठवतच नव्हतं ते कुठलं कापड आहे. राग तरी काय करणार?

हं, विचारा ना. बरोबर, फाटलेल्या झेंड्याचं काय करायचं. कचऱ्यात नाही टाकायचा आणि फेकायचाही नाही. एकांतात, पूर्णच्या पूर्ण, शक्यतो जाळून किंवा त्याचा मान राखला जाईल अशा दुसऱ्या रीतीनं. कागदी झेंड्यांनाही तेच लागू. तो वायपरनं फाटलेला मी दुसऱ्या दिवशी पहाटे गच्चीवर जाळला. पुतण्याही आला होता, एक शब्द बोलला नाही.

आणि धड असलेला कसा ठेवायचा? ते तोंडानं सांगून कळणार नाही. इथे टेबलावर एक झेंडा आहे. या, तुम्ही या, बसवाले काका, समोरचं टोक धरा. आडवा, ताठ. आता केशरी पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडा. मी हिरवा दुमडतो. दिसतोय का सगळ्यांना? वर फक्त पांढरा पट्टा आणि चक्र राहिलं. आता दोन्ही टोकं मधल्या चक्राकडे आणायची, सावकाश, तुमचं आणि माझं एकाच वेळी. बघा, चक्र वर आणि कडेला केशरी-हिरव्याची रेघ. आता तळहात पुढे करा, दोन्ही. घ्या. तसाच कपाटापर्यंत न्या, बगलेत नका मारू.