दहा डझन की वीस डझन?

इंग्लंड, १७७२. जून महिन्यात लंडनमधली एक पेढी बुडते. तिचा भागीदार अलेक्झांडर फोर्डाइस देश सोडून पळतो आणि उधारीवर चालणारा सगळा बाजार आखडतो.

स्टॅफर्डशरमधला हा एट्रुरिया कारखाना. मालक जोसाया वेजवूड, राणी शार्लटला भांडी पुरवणारा कुंभार. उमरावांच्या दिवाणखान्यांत त्याच्या फुलदाण्या मिरवत होत्या. आता मात्र माल पडून होता आणि रोकडीची चणचण होती.

अशा वेळी कुणी माणसं कमी करतो, कुणी डोळे मिटून भाव पाडतो. वेजवूडनं आधी वह्या उघडल्या. एका फुलदाणीमागे माती किती, कोळसा किती, घडवणाऱ्याची मजुरी, साचे, भाडं, फुटतूट... एकेक बाब त्यानं वेगळी काढली. त्यात कचेरीतल्या कारकुनाची अफरातफरही उघडी पडली.

ऑगस्टमध्ये तो भागीदार टॉमस बेंटलीला कळवतो, की काम थोडं होवो वा जास्त, भाडं चालूच राहतं. हरकामी पोरं, गोदामातली माणसं, हिशेबनीस यांचा पगार आठवड्याला दहा डझन फुलदाण्या केल्या काय नि वीस डझन केल्या काय, जवळपास तेवढाच.

स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांतला हा फरक. आज तो वाणिज्याच्या वर्गात दोन ओळींत उरकतात, पण त्याचा पल्ला फार मोठा आहे. १२० नगांवर वाटलेलं भाडं २४० नगांवर वाटलं, की प्रत्येक नगावरचा भार निम्मा होतो. माती मात्र दर नगाला तेवढीच लागते. म्हणजे ‘एक फुलदाणी कितीला पडते?’ याचं उत्तर, किती बनवणार हे ठरल्याशिवाय देताच येत नाही.

मंदीत ‘खर्चापेक्षा कमी भावात विकणार नाही’ म्हणून अडून बसणाऱ्यानं त्या खर्चात भाड्याचा वाटाही धरलेला असतो. भाडं तर तसंही द्यायचंच आहे. माती, कोळसा, मजुरी वजा जाऊन चार पैसे उरत असतील, तर तेवढाच भाड्याला हातभार लागतो. माझ्या मते गिरणीपासून छापखान्यापर्यंत प्रत्येक मालकानं मोठी ऑर्डर नाकारण्याआधी हा हिशेब मांडायलाच हवा.

यात एक धोकाही आहे. नुसतं उत्पादन वाढवलं तरी दर नगाचा खर्च कागदावर उतरतो, मग माल विकला जावो वा न जावो. वेजवूडला ते पुरतं कळलं होतं. त्यानं गिऱ्हाईकही शोधलं. राजवाड्यांत या फुलदाण्या पुरेशा मिरवल्या, त्यांचं नाव झालं. आता भाव उतरवला तर मध्यमवर्ग त्या मोठ्या संख्येनं घेईल, असं त्यानं बेंटलीला लिहिलं.